कामगाराचा खिसा तपासण्याचा आणखी एक कायदा नको



चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर समुद्रकाठी कोवलम नावाचे कोळ्यांचे गाव आहे. केरळातले कोवलम ते वेगळे. आमच्यातल्या दोघांनी घरी केरळला चाललो म्हणून सांगितले होते, त्यांची वाटेत बरीच थट्टा झाली. या गावी झालेल्या शिबिराला महाराष्ट्रातून आम्ही नऊ जण गेलो. सोलापूर, वाडी, गुंतकल, रेणिगुंटा अशा वाटेने चेन्नई गाठायची आणि तेथून पुढे किनाऱ्याच्या रस्त्याने बस, कारण कोवलमला रेल्वे नाही.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी एक ठराव आला. सार्वजनिक ठिकाणी ई-सिगारेट ओढण्यावर सरकारने संपूर्ण बंदी घालावी, ओढणाऱ्याला दंड आणि कैद अशी शिक्षा ठेवावी, आणि आपल्या महासंघाने खासदारांकडे तशी मागणी करावी, असा त्याचा आशय होता. ठराव आरोग्याचा, तेव्हा विरोध कोण करणार? हात वर होऊ लागले. आम्ही महाराष्ट्राचे प्रतिनिधी मात्र उभे राहिलो आणि विरोध नोंदवला. सभागृहात कुजबुज झाली. एका ज्येष्ठ साथींनी तर विचारले, ‘काय हो, महाराष्ट्रात तुम्ही ई-सिगारेटचा कारखाना काढलात काय?’ हशा झाला, ठराव पुढच्या बैठकीवर गेला आणि सगळे जेवायला उठले. त्या प्रश्नाचे उत्तर तेथे द्यायला वेळ मिळाला नाही, म्हणून ते या पानावर देत आहोत.

आधी हे स्पष्ट करून टाकतो की आम्ही ई-सिगारेटचे वकील नाही आणि विडीचेही नाही. ई-सिगारेटमध्ये निकोटीन असते, त्याची सवय लागते, आणि वीस-तीस वर्षे ती ओढल्यावर फुप्फुसाचे काय होते हे सांगण्याइतके दिवस ती वस्तू अजून जगात आलेलीच नाही. तंबाखूने या देशात दरवर्षी तेरा लाखांहून अधिक माणसे मरतात. आमच्या शाखेतही निवृत्तीच्या आधीच घरच्यांच्या हातात फंडाचा हिशेब द्यावा लागला, असे साथी आम्हाला आठवतात. तेव्हा या विषयावर कोणी आम्हाला आरोग्याचे धडे देऊ नयेत.

दुसऱ्याच्या नाकात धूर सोडण्याचा हक्कही आम्ही मागत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६७ मध्ये डब्यात धूम्रपान करणाऱ्याला शंभर रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. पुढे मुंबईचेच मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये न्यायालयाने दवाखाने, शाळा, कचेऱ्या, वाचनालये, रेल्वेगाड्या येथे धूम्रपान बंद करण्याचा आदेश दिला. २००३ चा तंबाखू कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम लागू झाले. त्याआधीचे पॅसेंजर गाडीचे डबे ज्यांना आठवतात त्यांना विचारा, बायका-मुले कशी खोकत बसत. ते गेले, चांगले झाले. ई-सिगारेटची वाफ धुरापेक्षा कमी त्रासदायक असेल, पण बंद डब्यात शेजारच्याने ती का सोसावी? शिवाय आगीचा प्रश्न आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिरुपती-सिकंदराबाद वंदे भारतमध्ये एका विनातिकीट प्रवाशाने शौचालयात सिगारेट पेटवली, आग विझवण्याची यंत्रणा आपोआप सुरू झाली आणि गाडी उभी राहिली. अशा वेळी धावपळ कोणाची होते हे रनिंग स्टाफला सांगायला नको. डब्यात, केबिनमध्ये, टपाल छाननीच्या खोलीत, प्रतीक्षालयात ई-सिगारेट नको, हे आम्हालाही मान्य आहे. त्यासाठी खात्याचे नियम पुरेसे आहेत. माणसाला तुरुंगात पाठवावे लागत नाही.

आमचा विरोध आहे तो ओढणाऱ्या माणसाला गुन्हेगार ठरवण्याला.

आजचा कायदा काय म्हणतो हे ठराव मांडणाऱ्या बहुतेकांनी वाचलेले नव्हते, म्हणून तो थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट तयार करणे, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात या सर्वांवर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षे आणि पाच लाख. साठा करणाऱ्याला सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. या यादीत ‘ओढणे’ हा शब्द नाही. संसदेने तो त्या वेळी घातला नाही. आता ती फट बुजवा, अशी मागणी अधूनमधून उठते. डिसेंबर २०२५ मध्ये तर खुद्द लोकसभेत एका सदस्याने तक्रार केली की विरोधी बाकांवरचे एक सदस्य सभागृहात बसून ई-सिगारेट ओढतात! खरे-खोटे अध्यक्षांनी पाहावे. पण जी वस्तू देशात विकायला बंदी आहे तिच्याबद्दल अशी तक्रार कायदे करणाऱ्यांच्या सभागृहातच व्हावी, यावरून बंदी किती पाळली जाते याचा अंदाज कोणालाही यावा.

आता याच्या शेजारी दुसरा कायदा ठेवा. विडी किंवा सिगारेट सार्वजनिक ठिकाणी ओढली तर २००३ च्या कायद्याप्रमाणे दंड दोनशे रुपयांपर्यंत. विडी तयार करा, विका, बंडल खिशात ठेवा, कोणी विचारत नाही. फक्त पाकिटावर सडलेल्या गळ्याचे चित्र छापा आणि सरकारचा कर भरा. म्हणजे जी वस्तू माणसे मारते हे शंभर टक्के ठाऊक आहे, ती रस्त्यावर उघडी. आणि जिच्याबद्दल डॉक्टरांमध्ये अजून वाद आहे, ती चोरीचा माल. हा कुठला न्याय?

डॉक्टरांमधला वाद आम्ही मिटवू शकत नाही. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये संपूर्ण बंदीची शिफारस केली आणि जागतिक आरोग्य संघटनाही ई-सिगारेटच्या विरोधात आहे. उलट ब्रिटनच्या सरकारने २०२३ मध्ये सिगारेट सोडण्यासाठी दहा लाख लोकांना ई-सिगारेटचे संच मोफत द्यायची योजना जाहीर केली. जगभरचे प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यात निकोटीनच्या गोळ्या-पट्ट्यांपेक्षा ई-सिगारेटच्या आधाराने धूम्रपान सोडणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले. त्याच ब्रिटनने पोरांच्या हातात जाणाऱ्या, वापरून फेकायच्या स्वस्त ई-सिगारेटवर जून २०२५ पासून बंदीही घातली. म्हणजे वस्तू एकच, पण कोणाच्या हातात आणि कशासाठी हे पाहून सरकार वागते. आपल्याकडे तसा विचार करायला कोणी तयार नाही. आपल्याकडे एकच औषध, बंदी.

आमच्या विभागातल्या एका कीमनची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, त्याला नोकरी करायची आहे. बावीस वर्षे रोज दीड-दोन बंडल विडी. थंडीत रुळ तडकतो म्हणून रात्रीची पेट्रोलिंग, हातात बत्ती, पाठीवर फटाके आणि झेंड्यांचा बोजा, बारा-चौदा किलोमीटर चालायचे. तोंडात विडी नसेल तर पाय उचलत नाही असे तो सांगे. खोकला वाढला. रेल्वेच्या डॉक्टरांनी ‘सोड’ म्हटले. कशी सोडायची ते कोणी सांगितले नाही. औषधाच्या कागदावर खोकल्याची बाटली तेवढी लिहिली. त्याचा भाचा दुबईला गवंडीकाम करतो. तेथे ही वस्तू कायद्याने विकतात. त्याने सुट्टीवर येताना मामासाठी एक आणली. आम्ही हसलो होतो. पण आठ महिन्यांत विडी सुटली. गँगमधले लोक साक्षीला आहेत.

मग एका रात्री ड्युटी संपवून घरी येताना एका मोठ्या स्टेशनावर गणवेशातल्या दोघांनी त्याची पिशवी उघडली. ती नळी निघाली. एक लाख दंड, वर्षभर आत, नोकरी गेली, असे पाढे वाचून झाले. ज्या कायद्यात ‘ओढणे’ हा गुन्हाच नाही, त्या कायद्याच्या नावाने तीन हजार रुपये मोजून तो सुटला. पावती नाही. नळी त्यांच्याकडेच राहिली. पुढे तिचे काय झाले, कोणी ओढली, देव जाणे. दुसऱ्या दिवशी त्याने स्टेशनाबाहेरच्या टपरीवरून विडीचे बंडल घेतले. आम्ही युनियन ऑफिसात त्याला विचारले, तक्रार का नाही केलीस? तो म्हणाला, ‘साहेब, बावीस वर्षं विडी ओढली, कुणी खिशाला हात लावला नाही. सोडाय लागलो तर चोर झालो.’

आज कायद्यात नसताना ही अवस्था आहे. उद्या ‘सार्वजनिक ठिकाणी ओढणे’ हा कैदेचा गुन्हा झाला, तर त्या दोघांचा भाव तीन हजारांवर थांबेल काय?

बंदीचा अनुभव आपल्याला नवा नाही. महाराष्ट्रात गुटखाबंदी जुलै २०१२ मध्ये आली. आज तेरा-चौदा वर्षांनी तुमच्या स्टेशनाबाहेरच्या, पोस्टाच्या फाटकासमोरच्या टपरीवर गुटखा मिळत नाही, असे छातीवर हात ठेवून सांगणारा एक वाचक आम्हाला दाखवा. फरक एवढाच पडला की पुडी खालून मिळते आणि महाग मिळते. चंद्रपूर जिल्ह्यात एप्रिल २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. त्या सहा वर्षांत बल्लारशाच्या गाड्यांत पिशव्या कशा येत, हे तिकडच्या तपासनीस बांधवांना विचारावे. आणि ज्या चेन्नईच्या दाराशी बसून आपण हा ठराव करत होतो, त्या चेन्नईचीच गोष्ट घ्या. तामिळनाडूत २०१३ पासून गुटख्याला बंदी. २०१६ मध्ये एका गुटखा व्यापाऱ्यावर आयकराचे छापे पडले, त्यात हप्त्यांच्या नोंदीची वही सापडल्याचे बाहेर आले, वरपर्यंत नावे घेतली गेली, आणि एप्रिल २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला ते प्रकरण सीबीआयकडे द्यावे लागले. बंदी कोणाला पोसते हे त्या वहीवरून कळते. टपरीवाला पकडला जातो, ओढणारा-खाणारा पकडला जातो, आणि वही लिहिणारा जामिनावर असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

कोवलमच्या किनाऱ्यावर आम्ही रोज संध्याकाळी फिरायला जात होतो. तो किनारा पाहिल्यावर ‘सार्वजनिक ठिकाण’ या दोन शब्दांचा खरा अर्थ कळतो. तेथे जुना किल्ला होता. १७५२ मध्ये क्लाइव्हने तो फ्रेंचांकडून घेतला. किल्ल्याच्या त्या जागेवर आता पंचतारांकित हॉटेल उभे आहे. मध्ये किनाऱ्याच्या एका भागाला २०२१ मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छतेचे आंतरराष्ट्रीय मानचिन्ह मिळाले. तेथे बांबूच्या छत्र्या, पाट्या, रखवालदार. आणि त्याच्या पलीकडे कोळ्यांच्या होड्या, जाळी, मासळीच्या पाट्या. संध्याकाळी म्हातारे कोळी जाळे शिवत वाळूत बसतात आणि विडी ओढतात. पहाटे दोनला समुद्रावर गेलेली माणसे ती. त्यांच्याशी आम्ही तोडक्यामोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांनी बोललो. आमच्यातला एक पॉइंट्समन त्यांच्या शेजारी बसून जाळ्याची गाठ शिकला.

आता कायदा बघा. २००३ च्या कायद्यात सार्वजनिक ठिकाणातून ‘मोकळी जागा’ वगळली होती. २००८ च्या नियमांनी सांगितले की खुले प्रेक्षागृह, क्रीडांगण, रेल्वे स्टेशन, बसथांबा ‘आणि अशी इतर ठिकाणे’ मोकळ्या जागेत धरायची नाहीत. अशी इतर ठिकाणे म्हणजे कोणती? कोळ्याची वाळू त्यात येते की नाही? ते ठरवणार समोर उभा असलेला शिपाई. मात्र याच कायद्याच्या कलम ४ मध्ये तीस खोल्यांच्या हॉटेलला, तीस माणसे बसतील अशा उपाहारगृहाला आणि विमानतळाला धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवायची सवलत लिहिली. विमानतळाला आहे, रेल्वे स्टेशनाला नाही. विमानाने जाणाऱ्याची तलफ ती गरज आणि पॅसेंजरने जाणाऱ्याची तलफ तो गुन्हा! हा कायदा लिहिणाऱ्यांनी आपली जात दाखवली, आणि आता त्याच लेखणीने ई-सिगारेटसाठी नवे कलम लिहा असे आपण कामगार संघटनांनी सांगायचे? ते कलम हॉटेलच्या भिंतीआड शिरणार नाही. ते वाळूवर फिरेल, प्लॅटफॉर्मच्या टोकाला फिरेल, गँगहटच्या मागे फिरेल.

अशी माणसे आहेत तरी किती? सरकारच्याच २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीप्रमाणे देशात ई-सिगारेट ओढणारे ०.०२ टक्के होते, म्हणजे दहा हजारांत दोन. विडी ओढणारे ७.७ टक्के. आणि आपल्या महाराष्ट्रात तर धूम्रपान करणारे ३.८ टक्केच, पण तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री असा धूर नसलेला तंबाखू खाणारे २४.४ टक्के. त्यानंतर ई-सिगारेटवाले वाढले असतील, शहरांत वाढलेले दिसतात. पण घर कोठे जळते आहे? महाराष्ट्रात दर चौथा माणूस तोंडात तंबाखू धरून बसला आहे, तोंडाच्या कर्करोगाचे रोगी टाटा रुग्णालयाच्या फुटपाथवर झोपतात, आणि आपण दिल्लीला ठराव धाडतो दहा हजारांतल्या दोघांना तुरुंगात टाकण्याचा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सरकारला तंबाखूचा खरोखर इतका तिटकारा असेल तर त्याने आधी आपले खिसे उलटे करून दाखवावेत. देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत, आयटीसीमध्ये, आयुर्विमा महामंडळाचा हिस्सा कित्येक वर्षे पंधरा टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. युनिट ट्रस्टच्या जुन्या मालमत्तेतून सरकारकडे आलेला सात-आठ टक्के हिस्सा वेगळाच. आपल्यापैकी किती जणांचा विम्याचा हप्ता पगारातून परस्पर कापला जातो? तो पैसा सिगारेटच्या भांडवलात आहे. २०१७ मध्ये याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती. गुंतवणूक मात्र राहिली. आणि १८ सप्टेंबर २०१९ ला, वटहुकमाच्या दिवशी, शेअर बाजारात सिगारेट कंपन्यांचे भाव वधारले. आम्ही मॅट्रिक शिकलेली माणसे. शेअर बाजारातले फार कळत नाही. पण ज्याच्या दुकानासमोरचे दुकान सरकार बंद करते, त्याचा धंदा वाढतो एवढे बाजारात भाजी घेणाऱ्यालाही कळते.

(विडी वळणाऱ्या सोलापूर, सिन्नर, निपाणी, गोंदियाच्या भगिनींनी हे वाचून रागावू नये. त्यांना पर्यायी काम दिल्याशिवाय विडी बंद करा असे आम्ही कधी म्हटलेले नाही, म्हणणारही नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

शिबिरात आमच्या विरोधावर एक प्रश्न असा आला की त्याने आम्हाला विचारात पाडले. डाक खात्यातल्या एका भगिनी जेवणानंतर आमच्याजवळ येऊन म्हणाल्या, ‘दादा, तुमच्या कीमनचं पटलं. पण माझा मुलगा अकरावीत आहे. त्याच्या दप्तरात ही वस्तू सापडली, पेनासारखी दिसते, तिला आंब्याचा वास येतो. मी काय करू ते सांगा.’

आम्ही लगेच उत्तर दिले नाही, कारण त्यांचा प्रश्न खरा आहे. आंब्याच्या आणि स्ट्रॉबेरीच्या वासाची निकोटीन नळी चाळीस वर्षांच्या कीमनसाठी कोणी बनवत नाही. ती पोरांसाठीच बनते. ती विकणाऱ्याला जितकी कडक शिक्षा द्याल तितकी थोडी, आणि त्यात आमचा महासंघ सर्वांत पुढे असावा. पण ताई, विचार करा. तुमच्या मुलाला ती वस्तू मिळाली तेव्हा देशात बंदी होतीच. विकणाऱ्याला एक वर्ष कैद होती, एक लाख दंड होता, तरी ती त्याच्या दप्तरापर्यंत आली. चोरट्या बाजारातला विक्रेता वय विचारत नाही, आत काय भरले आहे ते सांगत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये अशाच भेसळीच्या, गांजाचा अर्क आणि व्हिटॅमिन-ई चे तेल घातलेल्या नळ्यांनी फुप्फुसे निकामी होऊन अडुसष्ट माणसे मेली. आणि आता नवा ठराव झाला तर पकडला कोण जाणार? विकणारा नव्हे, बसथांब्यावर उभा असलेला तुमचा मुलगा. अकरावीच्या वयात पोलीस ठाण्याच्या वहीत नाव, आणि पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणी. पोस्टात, रेल्वेत भरती होताना ती काय असते, हे तुम्हाला-आम्हाला ठाऊक आहे. त्याला शिक्षक, डॉक्टर, तुम्ही स्वतः, असे कोणी तरी हवे आहे. शिपाई नको आहे. त्या भगिनींचे समाधान झाले की नाही सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, ‘बघते,’ आणि गेल्या.

आणि कामगार तंबाखूकडे वळतो का, हे या ठरावात एका ओळीतही नव्हते. ते आम्हीच लिहितो. रात्रपाळी, भुकेला वेळ नाही, आठ तासांच्या कागदावर बारा तासांचे काम, रिक्त जागा न भरल्याने एका गँगमध्ये निम्मी माणसे, आर.एम.एस.मध्ये पहाटे तीनला डोळे मिटत असताना पत्त्यांची छाननी. झोप मारण्यासाठी विडी, भूक मारण्यासाठी तंबाखू. आपल्या आधीच्या पिढीने मे १९७४ मध्ये वीस दिवस संप केला तो बोनस आणि पगारासाठी होता, तसाच कामाच्या तासांसाठीही होता. ज्या सरकारने त्या वेळी हजारो कामगारांना तुरुंगात टाकले, त्याच्या वारसांकडे आज आपण आपणहून जाऊन तुरुंगाची आणखी कलमे मागायची काय?

मागायचेच असेल तर मागण्यासारखे पुष्कळ आहे. निकोटीनचा च्युइंगगम २०२२ पासून अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. मग तो रेल्वेच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि डाक कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यात मोफत का मिळू नये? विभागीय रुग्णालयात तंबाखू सोडवणारा एक समुपदेशक का नसावा, ज्याच्यासमोर बसायला ड्युटीतला अर्धा तास मिळेल? सिगारेटच्या पाकिटावर मदतीचा फोन नंबर छापलेला असतो. पण रात्रीच्या पेट्रोलिंगवर फोनला रेंज कोठे असते? आणि खासदारांना आमचे म्हणणे थोडक्यात हे: २०१९ च्या कायद्यात ओढणाऱ्याला संसदेने बाहेर ठेवले आहे, त्याला बाहेरच राहू द्या. ‘सार्वजनिक ठिकाणी वापर’ असे कैदेचे नवे कलम घालू नका. वैयक्तिक वापराची एक नळी म्हणजे ‘साठा’ नव्हे, हे स्पष्ट शब्दांत लिहा, म्हणजे स्टेशनावर पिशव्या उघडणाऱ्यांचा धंदा बसेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, विडी सोडण्यासाठी, प्रौढ माणसाला ही वस्तू तपासलेल्या मालातून देता येईल का, हे तज्ज्ञांकडून मोकळ्या मनाने पुन्हा तपासून घ्या. आणि डब्यात, कचेरीत, दवाखान्यात नियम आहेतच. ते गरिबाला आणि खासदाराला सारखे लावा.

कोवलमचा ठराव पुढच्या बैठकीत पुन्हा येणार आहे. शाखांनी त्याआधी आपापल्या सभेत तो वाचावा, दोन्ही बाजूंनी बोलावे आणि जे ठरेल ते लेखी कळवावे; आमच्या विरुद्ध ठरले तरी कळवावे. ज्या साथींना पिशवी तपासताना असा अनुभव आला असेल त्यांनी नाव न घालता तारीख, वेळ आणि किती पैसे दिले एवढे लिहून शाखा सचिवाकडे द्यावे. आमच्या कीमनने आपला कागद दिला आहे. खोकला त्याला पुन्हा लागला आहे.